शंतनुची तयारी

आमच्या इथल्या, कॅनडातल्या व्हिटबीच्या, मराठी मंडळींना दुसऱ्याचा मुलगा काय करतो हे विचारायची फार हौस. डॉक्टर, इंजिनिअर किंवा सॉफ्टवेअर, यांपैकी एक उत्तर आलं की प्रश्न विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. डॉ. रविकांत दाबकेचं उत्तर मात्र लांबायचं. त्याचा मुलगा शंतनु सॉफ्टवेअरमध्येच होता. जवळच्या वॉन गावातल्या एका अवाढव्य वेअरहाउसमध्ये कुठला माल कुठे ठेवायचा हे सांगणारी सिस्टीम तो सांभाळायचा. पण रवी ते सांगायचाच नाही. तो सांगायचा, माझा मुलगा फुटबॉल खेळतो. समोरचा विचारायचा, सॉकर का? रवी म्हणायचा, नाही. मग ते हेल्मेटवालं अमेरिकन? तेही नाही. ऑस्ट्रेलियन रूल्स, असं रवीने म्हटलं की समोरचा श्रीखंडाची वाटी घेऊन दुसऱ्या टेबलाकडे सरकायचा. मी रवीचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. मला सरकण्याची सोय नव्हती. त्यामुळे शंतनुची सगळी कथा मला ठाऊक आहे, आणि ती सांगताना माझं डोकं तापतं, हे आधीच सांगून ठेवतो.

रवी नागपूरचा. चौऱ्याहत्तर साली इथे आला. इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षा त्याने मागच्या वर्षांचे पेपर सोडवून सोडवून दिल्या आणि पहिल्या झटक्यात पास झाला. मग भूल देणारा डॉक्टर म्हणून तीस वर्षं नोकरी केली. लोकांना झोपवणं सोपं असतं, मला पगार मिळतो तो त्यांना परत जागं करण्याचा, हा त्याचा ठरलेला विनोद. मी तो किमान शंभरदा ऐकला असेन.

शंतनु रवी आणि त्याच्या बायकोला उशिरा झाला. शीलावहिनींनी त्याला किचनच्या टेबलाशी बसवून तिसापर्यंतचे पाढे मराठीतून पाठ करून घेतले. पोरगं एरवी इंग्लिशशिवाय तोंड उघडायचं नाही, पण एकोणतीसचा पाढा असा म्हणायचं की मंडळाच्या कार्यक्रमात म्हातारी माणसं डोळे पुसायची. पाठांतर स्पर्धेचा कप दर वर्षी दाबक्यांच्या घरी. आम्हा सगळ्यांना ते फार कौतुकाचं वाटायचं. ज्याचं पाठांतर चांगलं त्याचं डोकं चांगलं, याबद्दल आमच्यात कुणालाच कधी शंका आली नाही.

खेळात मात्र त्याचे हाल होते. इथली पोरं चालायला लागायच्या आधी स्केट्स घालतात. शंतनु दहाव्या वर्षी बर्फावर उतरला आणि पुढची पाच वर्षं हॉकी टीमच्या बाकावर बसला. अकरावीत असताना त्याच्या शाळेत वर्षभरासाठी एक ऑस्ट्रेलियन मास्तर आले आणि त्यांनी एक लांबट, लाल चेंडू मैदानात आणला. हा खेळ मला शंतनुनेच समजावला. मैदान लंबगोल, गोलाला चार खांब, चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ढकलायचा. लाथेने मारलेला चेंडू हवेतच झेलला तर त्याला मार्क म्हणतात. झेलणाऱ्याला मग निवांत किक मिळते, आणि प्रतिस्पर्ध्याला हात वर करून त्याच जागी खिळून उभं राहावं लागतं. अंपायर ‘प्ले ऑन’ म्हणेपर्यंत त्याने हलायचं नाही. मार्क घेण्यासाठी समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर चढलं तरी चालतं. मी म्हटलं, हा खेळ आहे की मारामारी? तो हसला आणि म्हणाला, “काका, इथे कॅनडात हा गेम सगळ्यांनाच नवा आहे. माझ्या पुढे कोणीच नाही.”

ते खरं होतं. उंच, काटकुळा, हरणासारखा उड्या मारणारा हा पोरगा तीन वर्षांत आमच्या भागातल्या क्लबचा कॅप्टन झाला. क्लब म्हणजे काय, क्रिकेटचं भाड्याने घेतलेलं मैदान, परदेशातून आलेले काही ऑस्ट्रेलियन सुतार नि नर्स, आणि काही इथली पोरं. प्रेक्षक म्हणजे बायका, कुत्री आणि घडीच्या खुर्च्यांवर बसलेले रवी आणि मी. शंतनु चोविसाव्या वर्षी कॅनडाच्या संघात गेला. मेलबर्नला जगभरच्या हौशी संघांची स्पर्धा व्हायची, तिथे तो दोनदा खेळला. कॅनडाचं मेपलचं पान छातीवर लावलेला त्याचा फोटो रवीने हॉलमध्ये देवघराच्या शेजारी टांगला. शीलावहिनी कुरकुरल्या, पण त्यांनी तो काढला नाही.

आता ज्या गोष्टीने माझं डोकं तापतं ती सांगतो. क्लबला डॉक्टर परवडणारा नव्हता, म्हणून रवीच डॉक्टर झाला. डोक्याला मार लागला की खेळाडूला बाजूला घेऊन काही प्रश्न विचारायचे असतात. आपण कुठे आहोत, कितवा क्वार्टर चालू आहे, हे पाच शब्द लक्षात ठेव, वर्षाचे महिने उलटे म्हण. अडखळला तर तो दिवस संपला. रवीला हे प्रश्न कळले तसे त्याने काय करावं? शनिवारी मॅचला जाताना गाडीत शंतनुकडून त्याची तयारी करून घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, हायवे संपेपर्यंत. ही लबाडी आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. परीक्षा आहे, प्रश्न माहीत आहेत, आणि तरी तयारी न करता जायचं, हा त्याच्या लेखी शुद्ध आळस होता. आम्ही सगळे असेच घडलो. ज्या माणसाने अख्खं आयुष्य तयारीवर उभं केलं, त्याला ही परीक्षा न शिकता द्यायची असते हे कळलंच नाही.

कॅल्गरीच्या एका स्पर्धेत कुणाचा तरी गुडघा शंतनुच्या कानशिलावर बसला. तो उताणा पडला आणि थोडा वेळ उठलाच नाही. रवी धावत गेला. डोळ्यांत टॉर्च मारला, महिने विचारले. शंतनुने ते घडाघडा म्हटले. रवीने खात्रीसाठी एकोणतीसचा पाढाही विचारला. तोही एकदाही न अडखळता आला. भोवतालच्या ऑस्ट्रेलियनांना तो काहीतरी मंत्र वाटला आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. शंतनु परत मैदानात गेला. संध्याकाळी जेवताना त्याने मला विचारलं, काका, मॅच कोण जिंकलं? मी सांगितलं. सूप संपायच्या आत त्याने पुन्हा विचारलं. टेबलावर हशा पिकला. मीही हसलो, सगळेच हसले.

असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. मेलबर्नमध्ये झालं, टोरांटोत झालं, आमच्या स्वतःच्या मैदानावर तर झालंच. प्रत्येक वेळी पाढा बिनचूक आला. पाठ केलेली गोष्ट डोक्याच्या अशा कोपऱ्यात जाऊन बसते की बाकी घर पडलं तरी तिला धक्का लागत नाही, हे रवीला डॉक्टर म्हणून माहीत असायला हवं होतं. बाप म्हणून त्याला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. खेळ सुटला असता तर तो मुलगा पुन्हा बाकावर बसला असता, आणि रवीला ते बघवलं नसतं.

शंतनु चौतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याआधी त्याचं अनुयाशी लग्न झालं होतं. अनुया पुण्याची, हुशार, कमी बोलणारी, तीही सॉफ्टवेअरमधली. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव जाई. जाईला झोपाळ्यावर बसवून शंतनु तिच्याकडे असा बघत बसायचा की मला माझीच लाज वाटायची, मी माझ्या पोरांकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मग गोष्टी निसटायला लागल्या. मीटिंग विसरणं, गाडी कुठे पार्क केली ते विसरणं. त्यावर आम्ही सगळे म्हणालो, आम्हीही विसरतो रे. मग रागाचं सुरू झालं. जाईकडून दुधाचा ग्लास सांडला म्हणून एका सकाळी त्याने किचनच्या कपाटाचं दार बुक्कीने फोडलं. दुपारी हात सुजला तेव्हा तो अनुयाला विचारत होता, हा कशाने सुजला. वॉनची नोकरी गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की वर्षानुवर्षं लागलेल्या माराने मेंदूला इजा झाली आहे, ती वाढत जाईल, आणि तिच्यावर औषध नाही. अनुयाने विमानाने चार तासांवरच्या कॅल्गरीला नोकरी घेतली आणि जाईला घेऊन गेली. जाण्याआधी ती दाबक्यांकडे आली तेव्हा मी तिथेच होतो.

“बाबा, मी त्याला टाकून जात नाहीये,” ती म्हणाली. “पण जाई त्याला घाबरायला लागलीय, आणि त्याला ते कळतही नाही.”

शंतनु आईवडिलांच्या बेसमेंटमध्ये राहायला आला. त्याला आता एकच गोष्ट हवी होती, जाई. सुट्ट्यांमध्ये ती आपल्याकडे राहावी, आपण दोघंच, मध्ये कुणी नको. वकिलांमार्फत ठरलं की एक तज्ज्ञ बाई त्याची तपासणी करतील. दोन बैठका. त्यांनी हा माणूस मुलीला एकटा सांभाळू शकतो असं म्हटलं तर अनुया अडवणार नाही. अनुयाने हे स्वतःहून कबूल केलं होतं, एवढी ती सरळ.

आणि रवीने काय केलं असेल? तयारी सुरू केली. सत्तरी उलटलेला माणूस रोज सकाळी नाश्ता झाला की बेसमेंटमध्ये उतरायचा आणि चाळिशीला टेकलेल्या मुलाला घेऊन बसायचा. शब्दांचे संच, उलटे आकडे, घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणं. मुलीला ताप आला तर काय कराल, स्टोव्ह पेटता राहिला तर काय कराल, याचीही उत्तरं. शीलावहिनी वरून चहा पाठवायच्या. मी एकदा म्हटलं, अरे रवी, हे त्याचं डोकं तपासणार आहेत की तुझं? त्याने माझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं.

पहिली बैठक उत्तम झाली. बाई खूश होत्या असं शंतनु सांगत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, काय सांगू, कॅनडाचं पान लावलेल्या त्या फोटोतला उजेड होता. रवीचा तर स्वतःचाच त्या निकालावर विश्वास बसला. प्रश्न त्याचे, उत्तरं त्याची, आणि तरी मुलगा बरा झाला असं त्या डॉक्टर बापाला मनापासून वाटलं. माणूस स्वतःला भूल देतो तेव्हा जागं करायला दुसरं कुणी नसतं.

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अनुया जाईला घेऊन आली. ती वॉनला कृतिका नावाच्या मैत्रिणीकडे उतरली होती. एका दुपारी तिने जाईला आजीआजोबांकडे सोडलं. अट एकच, तुम्ही दोघं घरात असा. शंतनु चेंडू घेऊन आला आणि म्हणाला, आम्ही शाळेमागच्या मैदानावर जातो, तिला किक शिकवतो. रवी क्षणभर थांबला असेल की नाही, मला माहीत नाही. त्याने हो म्हटलं. शीलावहिनी जाईसाठी साबुदाणे वडे तळत होत्या.

मी गेलो तेव्हा वड्यांचा पहिला घाणा निघाला होता आणि बाहेर बारीक पाऊस लागला होता. सरोवराकडून वारा येत होता, तोही असा की कानाच्या पाळ्या दुखाव्यात. आम्ही चहा पीत असताना दार उघडलं आणि शंतनु आत आला. काखेत चेंडू, केस ओले, मजेत शीळ घालत. बूट काढले, वड्याचा वास घेतला आणि खुर्चीवर बसला.

“जाई कुठाय?” रवीने विचारलं.

शंतनुने वडा उचलला. “जाई? बाबा, ती कॅल्गरीला आहे ना.”

शीलावहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. रवीने गाडीची किल्ली घेतली, ती मी त्याच्याकडून काढून घेतली आणि गाडी मी चालवली. मैदान दोन गल्ल्यांपलीकडे, पण तेवढ्यात आम्ही दोघांनी काय काय बघून घेतलं ते मी सांगत नाही. त्या मैदानामागून एक मोठा रस्ता जातो.

जाई मैदानाच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात वर करायचा प्रयत्न करत, पण ते थकून खांद्यापर्यंत आलेले. जॅकेट भिजलेलं, ओठ निळे. आम्हाला बघूनही ती जागची हलली नाही. रवी धावला, त्या वयात धावला, आणि तिला उचलायला वाकला तर ती म्हणाली, “आजोबा, वेट. डॅड डिडंट से प्ले ऑन.”

रवी तिथेच चिखलात गुडघ्यांवर बसला आणि ओरडून रडला. मी त्याला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्याची आई गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही. जाई घाबरून त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली की इट्स ओके, डॅडने तिला सांगितलं होतं ती खूप छान उभी राहते.

संध्याकाळी अनुया आली तेव्हा रवीने तिला सगळं सांगितलं, एक शब्दही न वगळता. तिने जाईला गरम पाण्याने अंघोळ घातली, कोरडे कपडे घातले आणि घेऊन गेली. शंतनु दारात उभा राहून हात हलवत होता. मुलगी रडत का जातेय हे त्याला समजत नव्हतं.

सुट्टी संपल्यावर रवीने त्या तज्ज्ञ बाईंना फोन केला. मी शेजारी बसलो होतो, कारण त्याने मला बस म्हणून सांगितलं होतं. त्याने स्वच्छ शब्दांत सांगितलं की मुलाची सगळी उत्तरं मी पाठ करून घेतली आहेत, ती माझी उत्तरं आहेत, दुसरी बैठक घेऊ नका आणि नातीला त्याच्याकडे एकटी सोडू नका. खेळत असतानाच्या तपासण्यांचंही त्याने सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं. फोन ठेवून वळला तर बेसमेंटच्या जिन्यावर शंतनु उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“बाबा,” तो म्हणाला, “मी पास झालो होतो.”

शीलावहिनी तो अख्खा विंटर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, औषधं काढून ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. पोराची आशा बापानेच तोडली, हे त्यांचं म्हणणं मला कळत होतं आणि रवीचंही. वाईट हे की दोघांपैकी कुणीच चूक नव्हतं. मला कुणावर तरी धड रागवायचं होतं आणि तेवढीही सोय उरली नव्हती.

याला आता दोन वर्षं झाली. जाई रविवारी व्हिडिओ कॉल करते, शहाण्या बाईसारखी सावकाश बोलते, तेच तेच विचारलं तरी चिडत नाही. इथे मात्र ती आलेली नाही. शंतनु रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून वर येतो आणि विचारतो, बाबा, माझी टेस्ट कधी आहे? सुरुवातीला रवी खरं सांगायचा. टेस्ट झाली, मीच फोन केला, जाई आता राहायला येणार नाही. शंतनु खुर्चीत कोसळायचा, का सांगितलंत म्हणून विचारायचा, पोटात मारल्यासारखा रडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाढी करून हजर, बाबा, टेस्ट कधी? मुलाला तीच बातमी रोज नव्याने द्यायची, असं तो विंटर संपेपर्यंत चाललं. शेवटी शीलावहिनींनीच मौन सोडलं. त्या रवीला म्हणाल्या, “पुरे आता. नका सांगू त्याला.”

तेव्हापासून रवी पुढच्या आठवड्यात म्हणतो.

परवा मी गेलो होतो. दोघं बेसमेंटमध्ये समोरासमोर बसले होते. रवी आता खूप वाकलाय, अठ्ठ्याहत्तरचा झाला, आपल्यामागे याचं काय या प्रश्नाने त्याला झोप लागत नाही हे त्याने मला दोनदा सांगितलंय. तो शब्द विचारत होता आणि शंतनु उत्तरं देत होता. पाचांपैकी दोन आले. पूर्वी पाचच्या पाच यायचे. शंतनु ओशाळला, माझ्याकडे वळला.

“काका, होईन ना मी पास? जाईची रूम रेडी आहे.”

मी म्हटलं, होशील. दुसरं काय म्हणणार होतो?

रवीने चष्मा पुसला, परत लावला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

“चल,” तो म्हणाला, “पुन्हा पहिल्यापासून घेऊ.”